गव्हर्नर काढलेलं इंजिन

“...आणि गव्हर्नर?”

“काढून टाकला, चाचा.”

“काढला...”

“मग काय तर! मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या वर तो इंजिनाला जाऊच देत नाही. जरा कुठं उठलं की गळा धरतो.”

दस्तगीर मिस्त्री गाडीतून काढून बाकड्यावर आवळलेल्या इंजिनाकडे बघत राहिले. पाण्याच्या पंपाचं, भंगारातून उचललेलं लहानसं पेट्रोल इंजिन. सुकुमार मगदूमनं ते आपल्या गो-कार्टला, रेसच्या बुटक्या गाडीला, बसवलं होतं, आणि त्याची ताकद वाढवायची म्हणून महिनाभर हात धुऊन त्याच्या मागं लागला होता.

सोमवार होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुट्टी. लेथ बंद, भट्ट्या थंड. आभाळ सकाळपासून कोंदलेलं, आणि गल्लीत या दोघांखेरीज चिटपाखरू नव्हतं.

सुकुमार काही कच्चा चेला नव्हे. डिप्लोमा झालेला, वर चार वर्षं मिस्त्रींच्या हाताखाली काढलेला. तोंडानं ‘चाचा’ म्हणायचा, पण मनातून चाचांच्या दोन पावलं पुढं गेलेला होता. निदान त्याला तसं वाटायचं. वाटायला काय, कोणाला काहीही वाटतं.

“सायलेन्सर कापला,” तो बोटांवर मोजत सांगू लागला. “कार्बोरेटरचं जेट मोठं केलं. हेड घासून घेतलं, त्यानं दाब वाढला. सगळं घरच्या घरी, चाचा. खर्च म्हणाल तर नावाला.”

“फ्लायव्हील?”

“आहे तेच.”

“बिडाचं.”

“बिडाचंच. पोलादी कुठलं परवडतंय आत्ता? कनेक्टिंग रॉडही जुनाच ठेवलाय. रविवारची रेस मारली की दोन्ही बदलतो.”

“म्हंजे फुकटात होतंय तेवढं सगळं केलंस.”

सुकुमारला ते लागलं.

“चाचा, रविवारी कोइमतूरच्या टीमचे लोक येणार आहेत. पहिला येईल त्याला घेऊन जाणार. आमचा जिनेंद्र वळणावर कुणाला ऐकत नाही, पण सरळ रस्ता लागला की सगळे त्याला मागं टाकतात. इंजिनच कमी पडतं. या वेळी नाही जमलं तर आबा गाडी विकायची म्हणतात. मग बसेल पोरगं जन्मभर दुकानात, ताग्यांच्या घड्या घालत.”

जिनेंद्र त्याचा धाकटा भाऊ. अंगानं हलका, म्हणून गाडी तो चालवायचा आणि इंजिन सुकुमार बघायचा. भावावर त्याचा फार जीव. या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी तोच जीव होता, हेही खरं.

“यातनं आणखी किती काढता येईल, तेवढं सांगा. तुमच्याएवढं कुणाला कळतंय?”



गो-कार्टचं काम मिस्त्रींनी नऊ वर्षांपूर्वीच सोडलं होतं. ट्रॅकवर एका गाडीचं फ्लायव्हील, इंजिनाबरोबर गरगरणारं ते जड बिडाचं चाक, जादा वेगानं फुटलं आणि त्याचा तुकडा सीटच्या पाठीतून आत गेला. सीटवर आनंदा होता, मिस्त्रींचा पहिला चेला. इंजिन मिस्त्रींनीच वाढवून दिलेलं. त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडी रेसचं नाव आलं नाही. सुकुमारला हे सगळं ठाऊक होतं. पण आनंदाच्या फ्लायव्हीलला आधीच तडा असणार, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली होती.

मिस्त्री उठले. कोपऱ्यातलं स्टूल त्यांनी बाकड्याजवळ ओढलं. फ्लायव्हीलच्या बरोबर रेषेत, हातभर अंतरावर ठेवलं, आणि इंजिनाकडं पाठ करून बसले. कार्टमध्ये चालवणारा बसतो, अगदी तसे.

“चालू कर.”

“चाचा, तिथं कशाला...”

“चालू कर म्हटलं न्हवं?”

सुकुमारनं दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. त्याही स्थितीत त्याला बरं वाटलं.

“वाढीव.”

त्यानं वाढवलं. बाकड्यावरचे पाने थरथरू लागले.

“आणखी.”

छपराचा पत्रा घुमायला लागला. एवढा वेग या इंजिनाला त्यानंही आजवर दिला नव्हता. महिनाभर ज्या आवाजाची वाट पाहिली तो हाच. आणि नेमकी आत्ताच त्याची नजर मिस्त्रींच्या पाठीवर गेली. धुऊन धुऊन विरलेला सदरा, त्यातून वर आलेले मणके... म्हातारी, हाडं उरलेली पाठ.

“अजून हाय की शिल्लक!” मिस्त्री ओरडले. “सगळं काढ!”

वेगाची लिव्हर आणखी बोटभर सरकायची राहिली होती. ते बोटभर काही त्याच्यानं होईना. आपण स्वतः फ्लायव्हीलच्या रेषेतून केव्हाच बाजूला सरकून उभे आहोत, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं इंजिन बंद केलं.

कारखान्यात पेट्रोलचा जळका वास भरून राहिला.

“बंद का केलंस?” मिस्त्रींनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

सुकुमारनं पेट्रोलची तोटी बंद केली.

“बिघडलं?”

“नाही.”

“मग?”

“तुम्ही बसला होता, चाचा. तुम्हाला काही झालं असतं तर...”

मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले आणि त्याच्याकडं वळले. चेहरा फार थकलेला होता. सुकुमारला तो बघवेना.

“मला बहात्तरावं चाललंय,” ते म्हणाले. “जिनेंद्राला कितवं लागलं रं?”