नदीपलीकडे नांदायला गेलेली माती

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे बाजारात वजनं म्हणून अजून नदीतले गोटे चालत होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या बाणगी नदीच्या एका काठाला भोगाव, दुसऱ्या काठाला आंबेघर. दोन्ही गावांची डोंगराकडची जमीन म्हणजे नुसता मुरूम. गावं जगायची ती पूर ओसरल्यावर काठाला राहणाऱ्या गाळावर. त्या गाळाला खत लागत नाही. हरभरा कसाही पेरा, उगवतो. वांगी तर अशी, की गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी पिशवी उघडतं.

एका वर्षी नदीच्या मनात काय आलं कोण जाणे. असं म्हणतात, की एकाच पुरात तिनं कूस बदलली आणि भोगावचा सगळा गाळ उचलून आंबेघरच्या काठाला नेऊन ठेवला. भोगावकर बघतात तर पायाखाली धोंडे, आणि समोर आपली काळीभोर माती उन्हात चमकतेय.

भोगावकरांनी काय करावं? टोपल्या घेतल्या. माती परत आणायला! घरातल्या कमी पडल्या, तेव्हा बाजारातल्या उचलल्या. टोपल्या विकणाऱ्या बुरडानं त्या दिवशी दुपारीच दुकान बंद केलं, असं म्हणतात. इकडे आंबेघरकर काठ्या घेऊन काठावर उभे. आता डोकी फुटणार, एवढ्यात गुडघाभर पाण्यात एक म्हातारी येऊन उभी राहिली. धुरपदाबाई. जन्म भोगावचा, दिलेली आंबेघरात.

"काय रे भिकोबा," तिनं भोगावच्या पाटलाला विचारलं, "टोपल्या कशाला?"

"आत्या, आमची माती आहे ती. न्यायला आलोय."

"मग आधी मला घाल टोपलीत. मीही तिकडचीच. चाळीस वर्षं झाली इकडं येऊन, कधी आठवण नाही आली माझी?"

"तुमच्या मापाची टोपली नाही मिळाली, आत्या!" मागून कुणीतरी ओरडलं. दोन्ही काठ हसले. काठ्या खाली आल्या.

भिकोबा मात्र हसला नाही. "आत्या, घरात बी आहे, पेरायला जागा नाही. पोरांनी खायचं काय?"

धुरपदाबाई वळली ती आंबेघरच्या पाटलाकडे, म्हणजे आपल्या धाकट्या दिराकडे. "ऐकलंत ना भाऊजी? माती म्हणजे त्यांची लेक. ती घरात घेतलीत, आणि व्याही दारात उपाशी उभा. ही कुठली रीत?"

"मग काय निम्मी जमीन देऊन टाकू, वहिनी?"

"जमीन राहू दे तुमची. नांगराच्या एका तासात तुम्ही पेरा, शेजारच्या तासात ते पेरतील. पीक ज्याचं त्याचं."

"आणि उद्या नदीनं आमची माती पळवली तर?"

"तर तुम्ही जा व्याही होऊन. मान नाही दिला तर मी आहेच."

सौदा असा करावा. दोन्ही बाजू घरी जाताना जिंकल्यासारख्या चालल्या पाहिजेत.

पहिलं तास धुरपदाबाईनं स्वतः पेरलं. असं म्हणतात, की त्या वर्षी हरभरा इतका माजला, की त्यात शिरलेला बैल घंटेच्या आवाजावर शोधावा लागला. भोगावात त्या वर्षी एकही चूल थंड राहिली नाही. नदीलाही हा करार एवढा आवडला, की तेव्हापासून ती माती कधी इकडे, कधी तिकडे नेत राहिली. फक्त धुरपदाबाई गेली त्या वर्षी नदीनं दोन्ही काठांना सारखाच गाळ दिला, असं म्हणतात.

आजही पूर ओसरला, की ज्या काठाला माती आली तिथले लोक हळदकुंकू घेऊन पलीकडे आमंत्रणाला जातात. पहिलं तास पलीकडच्या बायका पेरतात. त्याला धुरपदेचं तास म्हणतात. त्यातला हरभरा वाटेनं जाईल त्यानं उपटून खायचा, विकायचा नाही. दुप्पट भाव सांगून मी दोनदा मागून पाहिला. मूठभर हातात ठेवला आणि म्हणाले, शेटजी, इथंच खा.

पेरताना पलीकडच्या बायका मोठ्यानं विचारतात, "काय हो विहीणबाई, आमची पोर नीट नांदतेय ना?"

अलीकडच्या कमरेवर हात ठेवून सांगतात, "नांदतेय बाई! पण पाणी चढलं, की माहेरी जाते म्हणते."