म्हहहं करार आणि चार अंडी

एक तळं होतं. ते इतकं मोठं होतं की सगळे पिऊन, सगळे डुंबून पाणी उरायचं, आणि म्हणूनच त्यावरून बारमाही भांडणं चालायची. दक्षिणेच्या काठावर म्हशींचं राज्य होतं, पश्चिमेला मोरांचं, आणि डोंगरापलीकडे हत्तींचं. मधल्या बेटावर एक म्हातारा राजहंस राहायचा. एके काळी सगळं तळं त्याचं होतं. आता बेटसुद्धा पुरतं त्याचं राहिलं नव्हतं, पण बोलताना तो अजून ‘आमचं तळं’ म्हणायचा आणि वयाकडे बघून त्याला कोणी अडवत नसे.

उत्तरेच्या वाळूवर एक मगर राहायची. ती पूर्वी लहान होती. मग ती वाढली. वाढलेलं अंग पसरायला जागा लागते, म्हणून तिने आधी एक रेताड बेट घेतलं, मग दुसरं. तळ्यावर तिचं नाव उघड घ्यायची पद्धत नव्हती. अगदीच वेळ आली तर ‘उत्तरेकडची परिस्थिती’ असं म्हणायचे.

म्हशींच्या पाण्यात, कमळाच्या एका रुंद पानावर, मोरांचा दूत बसत असे. मोरांना पाण्यावर बसता येत नाही, तेव्हा त्यांनी हे काम पद्मचरण नावाच्या एका कमळपक्ष्याला दिलं होतं. बोटं लांबलचक असल्यामुळे तो पानांवरून आरामात चालायचा, आणि शेपटीही लांब असल्यामुळे मोर त्याला दूरचा नातलग मानायचे. दूरचा म्हणजे, कार्याला बोलवायचं पण फोटोत घ्यायचं नाही, एवढा दूरचा. पद्मचरण लाजाळू होता. तळ्यावरची आजवरची सगळी निवेदनं, निषेध आणि खुलासे त्याने वाचून काढले होते, आणि इतकं वाचूनही आपल्याला यातलं काही कळत नाही अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

त्या हंगामात तो चार अंड्यांवर बसला होता. कमळपक्ष्यांत आई अंडी घालून पुढच्या पानावर निघून जाते आणि उबवण्याचं काम बापाकडे येतं. अंडी फुटायला आठ दिवस राहिले होते. मगर रोज सकाळी पानापासून दहा हातांवर येऊन थांबायची, अंड्यांकडे बघायची आणि परत फिरायची. कारण तळ्याचा एक जुना कायदा होता: दूताला आणि दूताच्या पानावरच्या कशालाही खायचं नाही. मगर कायद्याने वागायची. कायदा ती फार बारकाईने वाचायची, एवढंच.

तर अशा त्या दिवसांत एका सकाळी म्हशी, हत्ती आणि हंस यांनी मिळून एक संरक्षण करार केला. तिघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून त्याला ‘म्हहहं करार’ असं नाव दिलं. पहिल्यांदा ज्यांनी ते ऐकलं त्यांनी बोलणाऱ्याला पाणी आणून दिलं.

म्हशींची मुखत्यार गेंदाबाई चिखलाच्या उंचवट्यावर चढली.

“बंधूंनो, भगिनींनो आणि रेडकांनो!” ती म्हणाली. “आजवर आपण पाण्यात बसत आलो. पण बसणं वेगळं आणि बुडणं वेगळं! आता हत्तीदादा आपल्याला एक पोकळ ओंडका देणार आहेत. त्यात शिरून आपण पाण्याखालून फिरू. आपण सगळ्यांना बघू, आपण मात्र कोणाला दिसणार नाही!”

“बुडणार कोण?” एका रेड्याने आरोळी दिली.

“आम्हीच! आम्हीच!” कळप गरजला.

“ओंडका केव्हा मिळणार?” मागून कोणीतरी विचारलं.

“ज्या झाडाचा तो करायचा आहे, ते झाड येत्या पावसाळ्यात लावायचं ठरलंय,” गेंदाबाई म्हणाली. “आणि हा करार कोणाही विरुद्ध नाही.”

दहा हातांवर असलेल्या मगरीने मान डोलावली.

पद्मचरणाने हे सगळं आपल्या पानावरून ऐकलं. पाण्याखालून फिरण्याची सोय करून देण्याचं काम म्हशींनी पाच वर्षांपूर्वी मोरांना दिलं होतं. मोरांनी त्यासाठी बुडणारे भोपळे पिकवायचं कबूल केलं होतं. भोपळे देखणे आले, त्यांच्यावर नक्षीही सुरेख होती. बुडत तेवढे नव्हते. ते काम आता रद्द झालं होतं, आणि मोरांना हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

दुपारपर्यंत प्रतिक्रिया येऊ लागल्या. बगळ्यांनी स्वागत केलं. बेडकांनी चिंता व्यक्त केली, आणि संध्याकाळी तीच चिंता तीव्र केली. सशांनी जाहीर केलं, की म्हशी आमच्या सख्ख्या शेजारी आहेत, तरीही आमच्या डबक्यात ओंडका चालणार नाही. ओंडका डबक्यात मावणार नव्हता, पण तत्त्व ते तत्त्व. सांबरांचं निवेदन सर्वांत लांब होतं. त्याचा सारांश असा, की सांबरांचा या कराराशी काही संबंध नाही, त्यांची याच मंडळींशी वेगळी मैत्री आहे, तिचा या मैत्रीशी संबंध नाही, आणि सांबरं दोन्हींकडे बारीक लक्ष ठेवून आहेत.

मोर मात्र रागावले.

मोरांच्या राज्यात राग शास्त्राप्रमाणे करायचा असतो. आधी पिसारा मिटायचा, मग मान वळवायची, आणि तेवढ्याने भागलं नाही तर दूत परत बोलवायचा. या वेळी पहिल्या दोन पायऱ्या त्यांनी एका उडीत गाठल्या. दुसऱ्या दिवशी चिमणाजी कावळा हुकूम घेऊन पानावर उतरला.

“पद्मचरणराव, तीन दिवसांत परत या. आणि संतापून या, असं महाराजांनी मुद्दाम सांगितलंय. मागच्या वेळी तुम्ही नुसतेच आला होतात.”

“चिमणाजी, अंडी फुटायला अजून सात दिवस आहेत हो.”

“मग अंडी ठेवा इथेच.”

“मी उठलो की हे पान दूताचं राहत नाही,” पद्मचरण हळूच म्हणाला. “मग ते नुसतं पान. आणि ही नुसती अंडी.” त्याने मगरीकडे बघितलं. मगरीने सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

“राग चार दिवस पुढे ढकलता येणार नाही का?” त्याने विचारलं.

“चार दिवसांनी राग आला तर त्याला राग म्हणत नाहीत, आठवण म्हणतात,” कावळा म्हणाला आणि उडाला.

पद्मचरणाने पुष्कळ विचार केला. आजूबाजूला एवढं संरक्षण होत असताना चार अंडी राखायला कोणीच मिळणार नाही, असं कसं होईल? त्याने बसल्या जागेवरून सगळ्यांना निरोप धाडले. हत्तींनी कळवलं, की अंड्यांच्या पाठीशी आम्ही भक्कम उभे आहोत, फक्त ओंडका तयार होऊ द्या. हंसाने लिहिलं, की दुसऱ्यांच्या अंड्यांत आमच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या रस आहे. बेडकांची चिंता आता अतितीव्र झाली. सांबरांनी अंड्यांचंही बारकाईने निरीक्षण सुरू केलं.

मदतीला स्वतः धावून आली ती एकटी मगर.

“दूतसाहेब, तुम्ही निर्धास्त जा,” ती म्हणाली. “अंडी मी बघते. लहानपणापासून मला अंड्यांची आवड आहे.”

“आपली कृपा आहे,” पद्मचरण म्हणाला, कारण त्याला नाही म्हणता येत नसे. अंडी मात्र त्याने पोटाखाली आणखी जवळ ओढली.

शेवटी त्याने गेंदाबाईला बोलावून घेतलं. ती पाण्यात गळ्यापर्यंत बसून ओशाळून रवंथ करत होती.

“ताई, मी इथेच राहिलो तर चालेल का? मी घरी रागावतो. म्हणजे, पानावर बसूनच रागावतो.”

“अहो पद्मचरणराव, असं कसं चालेल?” गेंदाबाई कळवळून म्हणाली. “तुम्ही गेला नाहीत तर मोर रागावले नाहीत असं होईल. मोर रागावले नाहीत तर आमच्या कराराला वजन काय उरलं? आमची रेडकं विचारतील, कोणाचं नाक कापलं गेलं नाही, मग करार केला तरी कशाला? नाही हो, तुम्ही गेलंच पाहिजे. मी निरोपाचं भाषणसुद्धा तयार ठेवलंय. रडू येईल असं आहे.”

“आणि अंडी?”

गेंदाबाई खाली बघू लागली. तिलाही रेडकं झाली होती.

तेव्हा पद्मचरणाला आपलं वाचन आठवलं. आजवरचा प्रत्येक राग त्याला पाठ होता, आणि प्रत्येक राग एकाच कागदाने संपला होता. ‘आधी सांगायला हवं होतं,’ असं एकाने म्हणायचं, ‘आम्ही मोठ्या मनाने समजून घेतो,’ असं दुसऱ्याने म्हणायचं, आणि दूत पुन्हा कामावर. मधले दिवस नुसते फुगून बसण्यात जायचे. पण तो कागद आधीच लिहून ठेवला तर? अर्थात, आपल्याला सुचलंय म्हणजे यात काहीतरी चूक असणार, असंही त्याला वाटलं. तरी त्याने चाचरत विचारलं.

“ताई, राग पुरता होईल. तुमच्या कराराला वजनही येईल. फक्त राग आणि समेट, दोन्ही कागद एकाच दिवशी वाचले तर?”

“एकाच दिवशी?”

“लागोपाठ.”

गेंदाबाईने एक घास चावून गिळला. “हत्तीदादांना मी बघते,” ती म्हणाली. “ते वाचत नाहीत, पायाचा ठसा देतात.”

हत्तींचा ठसा दुसऱ्या दिवशी आला. मोर जरा नाखूश होते, पण ‘खेद’ हा शब्द मसुद्यात तीनदा आला आहे हे कळल्यावर त्यांनी होकार दिला. अट एकच घातली. परत बोलावण्याचा हुकूम वाचल्यावर रागाचा मान म्हणून थोडं थांबायचं, आणि मगच समेट वाचायचा. किती थांबायचं? तर एका मोराला पिसारा पूर्ण उघडून पूर्ण मिटायला जेवढा वेळ लागतो तेवढं. शास्त्रात तसंच होतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी सगळं तळं काठाला जमलं. गेंदाबाईने भाषण केलं आणि खरोखर काही रेडकं रडली. चिमणाजी कावळा पानाजवळच्या खुंटावर बसला, त्याने घसा साफ केला आणि पहिला कागद वाचला: “घोर विश्वासघाताच्या निषेधार्थ आमचा दूत या क्षणापासून परत बोलावण्यात येत आहे.”

त्या क्षणापासून ते पान नुसतं पान झालं.

सगळे स्तब्ध उभे राहिले. कावळ्याने शास्त्राप्रमाणे मोजायला सुरुवात केली. त्याला पिसारा नव्हता, म्हणून त्याने डोळे मिटून स्वतःला एक कल्पिला. कल्पिला तो मोठा कल्पिला. आजन्म काळ्या पिसांत राहिलेल्या जिवाला निळा-हिरवा पिसारा मिळाला होता. एकेक पीस उलगडताना त्याच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं की मिटायचं त्याच्या मनातच येईना.

मगर दहा हातांवरून सात हातांवर आली.

पद्मचरणाने बेडकांकडे बघितलं. बेडकांना चिंता वाढवायला जागा उरली नव्हती. त्याने हंसाकडे बघितलं, हंस डोळे पुसत म्हणत होता, “काय ती शांतता! आमच्या काळी अशीच असायची.” हत्तींचा प्रतिनिधी सोंडेने हार सावरत होता. मगर चार हातांवर आली. तिने घाई केली नाही. कायदा तिच्या बाजूचा होता.

“चिमणाजी,” पद्मचरण पुटपुटला. कावळा पिसाऱ्याच्या मधल्या डोळ्यांपर्यंत पोचला होता.

मगर दोन हातांवर आली आणि तिने तोंड उघडलं. पद्मचरणाला तिची जीभ दिसली. त्याने पंख पसरून चारही अंडी झाकली, आणि उभ्या आयुष्यात ज्याने आवाज चढवला नव्हता तो कमळपक्षी काठावरची कमळं हलतील असा ओरडला:

“अरे, वाच की मेल्या!”

कावळा दचकला, त्याचा पिसारा विरला, आणि दुसरा कागद त्याने एका दमात वाचून टाकला: “खेद खेद आणि खेद व्यक्त झाल्यामुळे आमचा दूत पूर्ववत रुजू होत आहे!”

मगरीने तोंड मिटलं. एव्हाना वीतभर उरलेल्या अंतरावरून तिने पद्मचरणाला अदबीने मान लववली. “पुन्हा स्वागत आहे, दूतसाहेब,” ती म्हणाली आणि मागच्या मागे निघून गेली.

पद्मचरण नंतर बराच वेळ आपण असभ्य बोललो म्हणून खजील होता. मोरांनी मात्र ते ओरडणं दप्तरात ‘दूताने संताप व्यक्त केला’ असं नोंदवलं आणि त्याचं कौतुक केलं.

चार दिवसांनी अंडी फुटली. चार पिल्लं बाहेर आली, ओली, पिवळसर, अंगापेक्षा पाय मोठे. ती बघायला गेंदाबाई आली, हंस आला, हत्तींचा प्रतिनिधी हार घेऊन आला. लांबवर मगरीची पाठ दिसली. पद्मचरणाने गळ्यातून एक बारीक आवाज काढला, आणि चारही पिल्लं पानाच्या कडेवरून टुपकन पाण्याखाली गेली. वर फक्त चोचींची टोकं राहिली, तीही बघणाऱ्याला काड्या वाटाव्यात अशी. कमळपक्ष्यांची पिल्लं हे करतातच. त्यांना ते शिकवावं लागत नाही.

काठावरून सगळे वाकून बघू लागले.

“ही पाण्याखाली गेली,” हत्तींचा प्रतिनिधी म्हणाला.

“आणि दिसत नाहीत,” हंस म्हणाला.

“कोणत्या कराराखाली?” गेंदाबाईने विचारलं.

त्याच दिवशी तातडीची बैठक झाली. तळ्यात कोणालाही न विचारता, झाडाची वाट न बघता, एकदम चार पाणबुड्या आल्या होत्या. यामुळे सत्तेचा समतोल ढळतो, यावर मोर, म्हशी, हत्ती, हंस, बगळे आणि ससे यांचं प्रथमच एकमत झालं. सांबरं तटस्थ राहिली, पण बारकाईने. पिल्लांची रोज पाहणी करण्यासाठी एक समिती नेमावी असं ठरलं. समितीवर पाण्याखालचं ज्याला कळतं असं कोणीतरी हवं होतं, आणि तसं तळ्यात एकच नाव होतं, म्हणून अध्यक्षपद टाळ्यांच्या गजरात मगरीकडे गेलं.

समितीच्या स्वागताचं निवेदन लिहिण्याचं काम अर्थात पद्मचरणाकडे आलं. त्याने ‘सहर्ष स्वागत’ एवढं लिहिलं, मान वर करून तळ्याकडे बघितलं, आणि पिल्लांना पुन्हा बुडायला सांगितलं.