राघूला शिकवलेली तीन नावं

त्या राज्यात तीन वर्षं धान्य कमी पिकत होतं आणि कोठाराची दारं मात्र वाढत होती.

कोठाराच्या चाळीस खोल्या. आत कुणी जायचं नाही, असा जुना रिवाज. ज्याला जे हवं त्याने खिडकीशी यावं, तोंडाने मागावं. साळुंक्या आतून माल आणून देत. साळुंक्या इमानी होत्या, पण विचार करणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. सांगाल तिथे जातील, सांगाल ते आणतील. सदतीस खोल्यांपुरतं हे ठीक होतं. उरलेल्या तीन बंद होत्या: दरबारी कागदांची, औषधांची आणि बियाण्याची. बियाण्याच्या खोलीत जुनी बाजरी होती, पावसाच्या दोन सरींवर तगणारी, आणि सगळ्या राज्यात तेवढीच शिल्लक होती. ती पेरणीच्या दिवसापर्यंत राहिली तर पुढचं वर्ष दिसणार, हे मुंग्यांनासुद्धा ठाऊक होतं.

म्हणून खिडकीवर राघू बसवला. त्याला तीन खोल्यांची तीन नावं पाठ करून दिली. मागणीत त्यातलं एक जरी कानावर पडलं तरी तो ओरडायचा, "बंद", आणि पहाऱ्यावरचे कावळे मागणाऱ्याला परत पाठवायचे. राघूला शिकवलं टिटवीने, आणि दर आठवड्याला त्याची परीक्षा घेणंही तिच्याचकडे. ती शंभर मागण्या म्हणून दाखवायची. पन्नासांत बंद खोल्यांची नावं, पन्नासांत नाहीत. राघू एकदाही चुकला नाही. आठवड्याच्या बाजारात दवंडी फिरे की शंभरपैकी शंभर, आणि लोक निर्धास्त घरी जात.

आता, दुकानाच्या गादीवर ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला एक गोष्ट कळलेली असते. सरळ गिऱ्हाईक मालाचं नाव घेतं. ज्याला उघडपणे मागता येत नाही ते नुसतं बोट दाखवतं, "ते त्याच्या मागचं द्या" म्हणतं. टिटवीने दुकान कधी पाहिलं नव्हतं. तिच्या शंभरही मागण्या सरळ गिऱ्हाइकाच्या होत्या.

पेरणीला वीस दिवस उरले असताना ती सहज खिडकीपाशी थांबली. रांगेत एक तित्तिरीण होती, डोक्यावर रिकामी पाटी.

"नवरा बियाण्याच्या खोलीवर पहाऱ्याला होता," ती सांगू लागली, "थंडीत गेला. घरात काही नाही. चार मुठी नाचणी द्या."

"बंद," राघू ओरडला.

"पाटी उचला, बाई," कावळा म्हणाला. "बंद खोलीचं नाव घेतलंत."

"नाव घेतलं ते नवऱ्याचं सांगताना. मागितली नाचणीच ना?"

"ते राघूला विचारा."

तिने खरोखरच विचारलं, सगळं पहिल्यापासून सांगून. राघू पुन्हा ओरडला. ती निघून गेली.

तिच्या मागे उंदीर होता. अंगाने चांगला भरलेला, बोलायला गोड. "साळुंकीताई," तो म्हणाला, "पाहुण्यांच्या ओसरीत उभं राहिलं की डाव्या हाताला जे दिसतं, त्यातलं एक पोतं आणा."

राघू पंख साफ करत राहिला. साळुंकी गेली आणि जुन्या बाजरीचं पोतं ओढत घेऊन आली. उंदराने राघूला रामराम केला.

टिटवी धावत कारभाऱ्याकडे गेली. कारभारी मोर होता. बाहेरगावचे पाहुणे आले की राज्याचं वैभव दिसावं म्हणून त्याने मागच्याच वर्षी ओसरी आणि बियाण्याची खोली यांच्यामधल्या भिंतीत एक देखणी कमान काढली होती. ओसरी बंद नव्हती. तिचं नाव राघूच्या तिघांत नव्हतं.

"कारभारीसाहेब, कमान बुजवा," टिटवी म्हणाली.

"कमान? अहो, सगळे पाहुणे तिचंच कौतुक करतात. तुम्ही असं करा, ओसरीचं नाव राघूला शिकवा."

तिने शिकवलं. दुसऱ्या दिवशी उंदीर म्हणाला, "पाहुणे जिथे बसतात तिथून," आणि पोतं गेलं. तेही शिकवलं. मग तो म्हणाला, "काल जिथून आणलंत तिथून," आणि साळुंकीला काल चांगलंच आठवत होतं. राघूच्या डोक्यात नावं वाढत गेली आणि पाहुण्यांसाठी पाणी मागणाऱ्या सशालाही कावळे हाकलू लागले. गरीब मागताना अडखळू लागले, काय बोललेलं चालेल याचा अंदाज घेत. उंदीर तेवढे मोकळेपणाने बोलत.

टिटवीने दोन नव्या मागण्या तयार केल्या, एक तित्तिरिणीची आणि एक उंदराची, आणि परीक्षेत घातल्या. राघू दोन्हींत चुकला. मोराने तिला बोलावून घेतलं.

"एकशे दोनपैकी शंभर. हे मी दवंडीत कसं सांगू?"

"खरं तेच सांगा. आणि राघूचं ऐकणं सोडा, साळुंकी परत येते तेव्हा तिच्या चोचीत काय आहे ते बघा. माल खोटं बोलत नाही."

"साळुंक्यांच्या चोची तपासायच्या? पिढ्यान्‌पिढ्या इमानी जात आहे ती. आणि मग राघूचं काय करायचं? त्याचा पिंजरा परवाच सोन्याने मढवलाय." मोराने पिसारा जरा आवरता घेतला. "टिटवीबाई, राघूला शिकवलं कुणी?"

"मी."

"मग तो चुकला, म्हणजे कोण चुकलं?"

उत्तराची वाट न बघता मोर पुढे बोलला.

"तळ्याकाठची तुमच्या घरट्याची जागा कुणाची? दरबाराची. तुम्हाला दिली, तपासनीस म्हणून. पिल्लं अजून उडत नाहीत ना? मग त्या दोन मागण्या राहू द्या बाजूला. बाकी शंभर नेहमीच्याच."

टिटवीने रात्रभर नव्हे, अंगण ओलांडेपर्यंतच विचार केला. दोन मागण्या बाजूला राहिल्या. राघू शंभरच्या शंभर बरोबर ओरडला, आणि दवंडीवाल्याचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा खणखणीत लागला.

पेरणीचा दिवस दरबाराने ठरवलेला. वाजतगाजत बियाण्याची खोली उघडली. आत कमानीतून छान ऊन येत होतं आणि फरशीवर मूठभर कोंडा होता.

सगळ्यांनी मोराकडे पाहिलं. मोर म्हणाला की खोलीचं दार एकदाही उघडलेलं नाही, कुलूप जसंच्या तसं आहे, हवं तर बघून घ्या. पेरणीचा मुहूर्त चुकवण्याचं काही कारण दिसत नाही.

म्हणून पेरणी झाली. बैल पाभर ओढत होते. ससे तिच्या चाड्यावर, बी सोडायच्या तोंडावर, रिकामी मूठ धरून चालत होते, बोटं सोडत होते आणि पुन्हा आवळत होते. मागून टिटवी येत होती, सरीवरची माती पायाने लोटत, पाखरांनी टिपू नये म्हणून नीट दाबत. तिच्या मागून कावळा प्रत्येक सरीवर थांबायचा, माती सपाट आहे ना ते बघायचा, आणि बांधावरच्या दगडावर खडूने बरोबरची खूण करून पुढच्या सरीकडे जायचा.