डॉ. रणपिशांचं ताजं ज्ञान

बी.ए.ची दोन वर्षं पास झाली आणि थोरला भाऊ अचानक गेला, तेव्हा केशर गाडेकरचं कॉलेज सुटलं. सोळा वर्षांनी ती तिसरं वर्ष पूर्ण करायला परत आली. अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या जागेला पदवी लागत होती आणि वयाची मर्यादा दोन वर्षांत संपत होती.

प्राचार्य डॉ. रणपिसे म्हणजे अर्थशास्त्राचे महापंडित. त्यांनी तिच्या गुणपत्रिका मेलेल्या पालीसारख्या चिमटीत धरल्या.

"बाई, हे श्रेयांक शिळे झाले. ज्ञान कुठल्या कुठे गेलंय! पहिल्या वर्षापासून बसा."

"मग ते ताजं ज्ञान ऐकते तरी," म्हणत केशर त्यांच्या मागोमाग पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसली. सर पिवळ्या पडलेल्या कागदांवरून नोट्स सांगू लागले. त्यांचं वाक्य अर्ध्यावर आलं की केशर पिशवीतून काढलेल्या आपल्या पहिल्या वर्षाच्या जुन्या वहीतून उरलेलं मोठ्याने वाचायची.

"हा काय चावटपणा?" सर कडाडले.

"थांबा सर, आता तुमचा सासू आणि महागाईचा विनोद येतोय. पुढे मी कंसात 'हसणे' असं लिहिलंय."

वर्ग विनोदाआधीच हसला.

"माझे श्रेयांक शिळे असतील, सर, तर या पोरांनाही आज शिळंच वाढताय. तसं लिहून द्या, मी त्यांच्याच बाकावर बसते."

सरांनी लिहून दिलं नाही. तिसऱ्या वर्षाच्या अर्जावर मात्र तिथेच, टेबलाशी उभ्या उभ्या, सही केली.