मोजणीचं तळं

चैत्रात पिंपळधऱ्याच्या तळ्यावर गेलात तर काठावर मुलांची रांग दिसेल. हातात टोपली, कपाळाला तांबडी काव. गाळ काढायला उतरण्याआधी मुले मोठ्याने आकडे म्हणतात. सहलीला आलेल्या शाळेला गावातले म्हातारे केरबानाना करंजाखाली बसवतात आणि ही रीत कशी पडली ते सांगतात.

फार मागची गोष्ट, म्हणे. तळे गाळाने भरले होते, पौषातच पाणी आटायचे. गाळ उपसणे म्हणजे वेठीचे काम, म्हणून कुणी हात लावीना. अशात घाटाखालून एक पंतोजी आला. देवळाच्या ओवरीत त्याने शाळा मांडली आणि मुलांना सांगितले, "ज्या तळ्याचं पाणी पिता, त्यातली एक टोपली आधी काढायची. मग अक्षर."

रोज सकाळी तो एकेकाच्या कपाळाला कावेचा टिळा लावी आणि ज्याचा त्याचा आकडा म्हणवून मोजी. वर आल्यावर टिळा पुसत पुन्हा मोजी. बावीस.

गोदाक्का कुंभारणीची ठकू त्यांत सर्वांत धाकटी. गोदाक्काला ती मोजणी खटकू लागली. पाणी न धरणारे तळे बळी मागते, असे तेव्हा लोक मानत.

"बोकडाला नेताना असाच टिळा लावतात गं," शेजारीण म्हणाली. "आणि फुकट शिकवतो. फुकट कोण शिकवतं?"

"तेच तर."

"तुझी ठकू रांगेत शेवटी असते. बघ बाई, मी आपलं सांगितलं."

ठकूला अक्षरांचे वेड लागलेले, ती घरी थांबेना. मग गोदाक्का रोज या करंजाआड उभी राहू लागली. पदराखाली कोयता, आणि नजर पंतोजीच्या हातांवर.

एके दिवशी मुले वर आली. पंतोजीने मोजले. एकवीस. पुन्हा मोजले. एकवीसच. तो वळला आणि एकटाच तळ्यात धावला.

"साधला डाव मेल्यानं!" गोदाक्का कोयता उगारून मागे पळाली.

पाहते तर वरची सुकी खपली फुटलेली, खाली ओला गाळ. पंतोजी छातीपर्यंत रुतला होता आणि दोन्ही हातांनी त्याने ठकूला डोक्यावर धरले होते.

"अक्का, आधी पोरीला घे."

कोयता तिथेच पडला. गोदाक्काने ठकूला ओढून घेतले आणि अशी बोंब ठोकली की सारा गाव हातातले काम टाकून धावत आला. हातात हात गुंफून माणसांनी पंतोजीला बाहेर काढले.

"मोजत होतास ते यासाठी?" गोदाक्काने विचारले. "मग टिळा कशाला रे बाबा?"

"एकाला दोनदा मोजलं तर एक राहून जाईल ना, अक्का."

दुसऱ्या दिवशी ठकूने "बावीस" म्हटले आणि तिच्यामागून आवाज आला, "तेवीस." गोदाक्का टोपली घेऊन, कपाळ पुढे करून उभी होती. आठवडाभरात आकडा शंभरावर गेला, असे सांगतात. त्या वर्षी पाणी ज्येष्ठापर्यंत पुरले.

आजही शेवटच्या मुलानंतर आकडा थांबत नाही. पुढचा आकडा मोठ्या माणसाने म्हणायचा असतो. तो कुणी म्हणेपर्यंत एकही मूल तळ्यात उतरत नाही.

एवढे सांगून केरबानाना कावेची वाटी पाहुण्यांपुढे सरकवतात. परवा "अठ्ठेचाळीस" झाले आणि रांग थांबून राहिली. सहलीच्या बाईंनी इकडे तिकडे पाहिले, पर्स एका मुलीकडे दिली, आणि कपाळ पुढे केले.