घंगाळाचे साक्षीदार

जहागीरदार रंगराव शेगडीवर हात शेकून न्हाणीत आले, घंगाळात बोटं बुडवली आणि गरजले, "पाणी गार! या यमाक्काला दहा फटके द्या!"

वीस वर्षं वाड्यातला बंब पेटवणारी यमाक्का म्हणाली, "सरकार, पाणी चांगलं कोमट आहे."

"माझा हात खोटं सांगतो काय?"

"मग एक हात विहिरीच्या बादलीत धरा, दुसरा बंबाच्या कढत पाण्यात. थोड्या वेळानं दोन्ही घंगाळात घाला."

रंगरावांनी घातले. एकाला पाणी ऊन लागलं, दुसऱ्याला गार.

यमाक्का पदर खोचत म्हणाली, "सरकार, पाणी एकच आणि हात दोन्ही तुमचेच. यातला खोटा कोणता ते सांगा, दहा फटके त्यालाच देऊ."