मळवून आणलेले पाय

“मग यहूदाचा दोष काय, फादर?”

इनासने हे दारातूनच विचारलं. ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली.

फादर कायतान पडवीत गुडघे टेकायची खटपट करत होते. एक गुडघा टेकला होता. दुसरा ऐकत नव्हता.

“कुठला यहूदा?” त्यांनी वर न बघता विचारलं. “बारा शिष्यांत त्या नावाचे दोघे होते.”

“प्रभूला धरून देणारा.”

“हां, तो. बोल.”

इनास बोलला. एका दमात बोलला. “शेवटच्या भोजनाला प्रभूने सांगितलं, तुमच्यातलाच एक जण मला धरून देणार. म्हणजे त्याला आधीच ठाऊक होतं. देवाचं जाणणं चुकत नाही. चुकत नाही, म्हणजे ते घडणारच. घडणारच, म्हणजे यहूदाला दुसरी वाटच नव्हती. आणि ज्याला वाटच नव्हती, त्याला दोष कसला?”

सेमिनरीत या युक्तिवादाने त्याने भल्याभल्यांना घाम फोडला होता. धर्मगुरू व्हायला अजून अवकाश होता, पण गावातली म्हातारी माणसं त्याला आत्ताच दबकून ‘ब्रदर’ म्हणत. ते त्याला आवडे.



“छान मांडलंस,” ते म्हणाले. “आता जरा हात दे. हा गुडघा अडकलाय.”

इनासने त्यांना धरून उठवलं. ओल्या लाकडासारखं जड, तरी आतून पोकळ झालेलं शरीर.

म्हातारे फादर निवृत्त होऊन या समुद्रकाठी राहायला आले होते. सुरूच्या झाडांत एक लहानसं प्रार्थनाघर, त्याला चिकटून एक खोली आणि ही पडवी. आज पवित्र गुरुवार. संध्याकाळी मोठ्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी. प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. दरवर्षी गावातले बारा पुरुष रांगेत बसतात आणि धर्मगुरू त्यांचे पाय धुतो. पण यंदा तिथले फादर तापाने पडलेले. म्हणून निरोप इकडे आला होता.

“बाराजणांपुढे बारा वेळा वाकायचं,” फादर म्हणाले. “तालीम करून बघतोय. एकदा तरी जमतंय का. बस त्या बाकावर. मला एक पाय पाहिजे.”

“माझा प्रश्न...”

“प्रश्न कुठे पळून जातोय? पाय दे.”

इनासने चपला काढल्या. स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि ओशाळला. सकाळपासून धुळीत चाललेले पाय. तो पटकन उठला, कोपऱ्यातल्या मोरीवर गेला, दोन तांबे पाणी ओतलं, टाचा दगडावर खसाखसा घासल्या आणि येऊन बसला.

फादरनी त्या पायांकडे पाहिलं... आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला.

“तूही तेच केलंस! अरे, सगळा जन्म मी धुतलेलेच पाय धुतले. बाराचे बारा घरून पाय घासून येतात. एक जण तर पावडर लावून यायचा. मी पाणी ओतलं की परातीत दूध! त्याच्या बायकोने बजावलेलं, फादर हात लावणार आहेत, घराची अब्रू घालवू नका.”

“मळके पाय पुढे करायचे का मग?”

“जा,” फादर म्हणाले. “जरा फिरून ये. मळवून आण.”

“फादर, मी गंभीर प्रश्न घेऊन आलोय.”

“गंभीर आहे म्हणूनच सांगतोय. अनवाणी जा.”

इनास फणकारत निघाला. म्हातारपणी माणसं विषय टाळायला शिकतात, हे त्याला ठाऊक होतं.

भर दुपार होती. ओहोटी लागलेली. समुद्र इतका लांब गेला होता की तो अजून आहे की नुसता ऐकू येतोय, हे कळत नव्हतं. पलीकडच्या होड्या पाण्यावर नव्हत्याच. त्या झळांमध्ये टांगल्या होत्या, खाली काही आधार नसलेल्या. वाळू भाजत होती. सुरूच्या सावलीतून बाहेर पडल्याबरोबर इनास टाचांवर नाचू लागला.

आणि नाचता नाचता त्याला एक पाठ आठवली.

घामाने ओली, मिठाने खरखरीत झालेली पाठ. तो तेव्हा एवढासा होता. वाळू अशीच भाजत होती. आणि कोणीतरी त्याला पाठुंगळी घेऊन पाण्यापर्यंत पळत होतं, हसत होतं, स्वतःचे पाय भाजत होते तरी हसत होतं. “दादा, जोरात! दादा, आणखी जोरात!”

ओहोटीने उघड्या पडलेल्या ओलीपर्यंत येऊन इनास थांबला. मागे वळून पाहिलं. ओल्या वाळूत त्याची पावलं उमटली होती. त्यात हळूहळू पाणी भरत होतं आणि प्रत्येक पावलात आकाशाचा एकेक तुकडा पडला होता.

किती वेळ उभा होता कोणास ठाऊक...

परत आला तेव्हा फादर परात मांडून बसले होते. या खेपेला दोन्ही गुडघे टेकले होते. कसे टेकले, ते त्यांचं त्यांना माहीत. खांद्यावर पंचा होता, हातात तांब्या.

“हे असे पाहिजेत,” वाळूने आणि चिखलाने माखलेल्या पायांकडे बघत ते म्हणाले. “बस. उजवा दे.”

पाणी गार होतं. इनासच्या अंगावर शहारा आला.

“आता सांग,” फादर म्हणाले. “कोणाबद्दल विचारत होतास?”

“सांगितलं ना. यहूदाबद्दल.”

फादर नुसतेच टाचेवरची वाळू अंगठ्याने काढत राहिले.

...

“पेद्रू,” इनास म्हणाला.

पेद्रू त्याचा थोरला भाऊ. गावाला पेद्रूबद्दल काही सांगावं लागत नसे.

“आज सुटतोय तो. शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रातून. घरचं माणूस घ्यायला गेल्याशिवाय सोडत नाहीत. बाबा नाहीत, आईला चालवत नाही. सकाळी म्हणाली, इनास, जा बाळा, घेऊन ये त्याला. मी म्हटलं, बघतो.”

“आणि बघायला इकडे आलास.”

इनास तापला.

“तो पुन्हा पिणार, फादर! मला ठाऊक आहे. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, आणि प्यायला. क्रुसापुढे मेणबत्ती लावली, मेणबत्ती विझायच्या आत प्यायला. गावच्या सणाला झिंगून आला आणि चर्चमध्ये मिस्सा चालू असताना मागे उभा राहून गायनमंडळापेक्षा मोठ्याने गायला. आमच्या सेमिनरीचे रेक्टर माझ्या शेजारी बसले होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.”

“सुरात गायला का?”

“फादर!”

“विचारलं आपलं.”

इनासने मान दुसरीकडे फिरवली.

“...सुरात होता.”

फादरनी तांब्यातून थोडं पाणी ओतलं. पाण्याची धार परातीत पडली आणि पडवीच्या छपरावर उजेडाची जाळी हलू लागली.

“तेच म्हणतोय मी,” इनास पुढे बोलू लागला, पण आता आवाजातली धार गेली होती. “तो पिणार, हे देवाला ठाऊक आहे. मी गेलो तरी पिणार. नाही गेलो तरी पिणार. जे व्हायचं ते तिथे आधीच दिसतंय. मग मी गेलो काय आणि न गेलो काय?”

“म्हणजे देवाला जे ठाऊक आहे, ते तुलाही ठाऊक आहे.”

“एवढ्यापुरतं... हो.”

“मोठीच प्रगती आहे,” फादर म्हणाले. “सेमिनरीचे पैसे वसूल झाले.”

इनास हसला नाही.

“बरं, मला एक सांग, पंडित. त्या संध्याकाळी प्रभू परात घेऊन उठला, तेव्हा यहूदा कुठे होता?”

“तिथेच. बाकीच्यांबरोबर.”

“त्याला वगळलं?”

“नाही.”

“त्याचे पाय जरा कमी घासले, असं काही लिहिलंय?”

“नाही, फादर.”

“प्रभूला ठाऊक नसेल तोवर.”

“ठाऊक होतं! पण हे... हे प्रेम झालं. माझा प्रश्न तर्काचा आहे. यहूदाला वाट होती की नव्हती? हो की नाही, एवढंच सांगा.”

म्हाताऱ्याने त्याचं पाऊल दोन्ही हातांत उचलून धरलं. पाण्याचे थेंब परातीत टपटपत राहिले.

“ज्याचं सगळं ठरूनच गेलंय,” फादर हळूच म्हणाले, “त्याचे पाय कोण धुतं?”

इनासपाशी उत्तर तयार होतं. एक नव्हे, चांगली तीन होती. पण त्याची नजर त्या दोन हातांतल्या पावलावर गेली.



फादरनी ते पाऊल पुन्हा पाण्यात ठेवलं. “देवाकडून तू नुसतं जाणणं उचलून आणलंस, इनास. परात तिथेच ठेवून आलास.”

बाहेर सुरूची झाडं एकदम गप्प झाली. वारा पडला होता. समुद्राचा आवाजही कुठल्या कुठे गेला.

इनास खाली बघत होता. परातीतलं गढूळ पाणी हळूहळू निवळत होतं आणि तळाशी त्याचा पाय हलत होता. पाण्यात वाकडा झालेला, थोडा मोठा वाटणारा. अंगठ्याहून लांब असलेलं दुसरं बोट. ते बाबांचं बोट. घरात ते दोघा भावांनाच आलं होतं. पाणी हललं की पाय त्याचा वाटेना. भाजलेल्या वाळूवरून पळणारा पाय वाटे. केंद्राच्या फाटकापाशी, डांबरी रस्त्यावर, पिशवी खाली ठेवून उभा असलेला पाय वाटे. रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे आळीपाळीने वळणारा...

तो पाय काय करणार, हे इनासला सकाळपासून पक्कं ठाऊक होतं. आता बघता बघता ते पक्केपण पाण्यात विरघळत होतं. त्याची जागा दुसऱ्या कशाने घेतली नव्हती. फक्त एक माणूस उभा होता आणि ऊन होतं.

“फादर...”

“हं.”

“मी जाणार की नाही, हेही देवाला ठाऊक असेल?”

“असेल की.”

“काय ठाऊक आहे त्याला?”

“मला कुठे सांगतो तो!” फादर म्हणाले. “तू एसटीच्या फाट्याकडे वळलास, तर मलाही कळेल.”

 इनासला कोणी ढकललं नाही, कोणी ओढलं नाही. फादर तर त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. उभा राहिला असता आणि सेमिनरीच्या वाटेला लागला असता, तर अडवणारं तिथे कोणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच आपण इतके मोकळे आहोत, असं त्याला वाटलं. आणि त्याची भीती वाटली.

मग लांबून, सुरूच्या पलीकडून, एसटीचा हॉर्न ऐकू आला. गाडी गावात शिरत होती. वळसा घालून ती फाट्यावर येणार, तिथून शहराकडे.

इनास ताडकन उठला. एक पाय परातीत, एक पाय जमिनीवर.

“निघतो मी. ही गाडी चुकली तर अंधार पडेल. दादा फाटकात वाट बघत असेल.”

दादा. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला अनोळखी वाटला. कित्येक वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता.

तो चपला शोधू लागला. पण पाय हलेना. फादरनी घोटा धरून ठेवला होता. त्या वाळक्या बोटांत एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

“बस खाली.”

“फादर, गाडी येतेय!”

“आधी गावात वळसा घालते ती. बस.”

इनास बाकाच्या कडेला टेकला. फादरनी पंच्याने पाऊल पुसलं. घाई नव्हती. बोटांच्या बेचक्या पुसल्या, टाच पुसली, आणि पाऊल असं हळू जमिनीवर ठेवलं, जसं काही ते झोपलेलं मूल होतं. मग परातीतलं पाणी अंगणात भिरकावून त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी तिच्यात ओतलं.

“अहो, सोडा आता,” इनास काकुळतीला आला. “फाट्यापर्यंत नुसती वाळू आहे. ही माती तुम्ही कशाला काढताय? तिथे पोचेपर्यंत पाय होते तसेच होणार आहेत!”

“ते ठाऊक आहे मला,” फादर कायतान म्हणाले. “दुसरा पाय दे.”